विद्यापीठाच्या ग्रंथालयात वंशशोधकाची जागा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाऊल टाकणाऱ्या बाहेरच्या वाचकाला पहिला प्रश्न बहुधा एकच विचारला जातो : आपण कोणत्या विभागाचे? मलाही तो विचारला गेला होता. माझ्यापाशी विभाग नव्हता, मार्गदर्शक नव्हते, प्रबंधाचा विषय नव्हता. एका चिठ्ठीवर पणजोबांचे नाव आणि ते ज्या कारखान्यात कामाला होते त्याचे नाव, एवढेच काय ते होते. काउंटरवरच्या गृहस्थांनी अतिशय सौजन्याने सांगितले की, घराण्याची माहिती हवी असेल तर सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन पाहावे, इथे संशोधनाचे साहित्य असते. त्यांच्या बोलण्यात अवहेलना नव्हती. मात्र वंशशोध हे संशोधन नाही, तो निवृत्त माणसांचा विरंगुळा आहे, ही समजूत त्यामागे होती, आणि ती आजही अनेक विद्यापीठांत पक्की आहे. ती सोडून द्यायला हवी, असे माझे म्हणणे आहे. आपल्या घराण्याचा माग काढणाऱ्या सामान्य माणसाला विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हक्काचा वाचक मानावे, त्याच्यासाठी संग्रह आणि ग्रंथपालांचा वेळ दोन्ही खुले ठेवावेत. त्याच्या समाधानासाठी तर हे करावेच, पण या संग्रहांत जी माणसे नावानिशी पडून आहेत, त्यांची ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग फारसा उरलेला नाही, म्हणूनही करावे.

सार्वजनिक ग्रंथालयात जा, हा सल्ला अपुरा का पडतो, ते आधी पाहू. वंशशोधाला लागणारी कागदपत्रे एका ठिकाणी कधीच नसतात, आणि त्यांतला मोठा हिस्सा इतिहासाच्या ओघात विद्यापीठांकडे आलेला आहे. इंग्लंडच्या उत्तर भागात मृत्युपत्रे शतकानुशतके चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत असत. १८५८ मध्ये हे काम दिवाणी यंत्रणेकडे गेले. त्याआधीची यॉर्कच्या न्यायालयांतील मृत्युपत्रे आज यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत आहेत आणि डरहॅमच्या धर्मप्रांतातील मृत्युपत्रे डरहॅम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. तेथील एखाद्या शेतकऱ्याने आपली गाय कोणत्या मुलीला आणि पितळेचे भांडे कोणत्या सुनेला दिले, हे पाहायचे असेल तर विद्यापीठाचे दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नाही. अमेरिकेच्या इलिनॉय राज्याने तर जिल्ह्याजिल्ह्यांतील जन्म, मृत्यू, जमीन आणि न्यायालयाची जुनी दप्तरे सात सरकारी विद्यापीठांतच ठेवली आहेत. विस्कॉन्सिनमध्ये विद्यापीठाच्या निरनिराळ्या परिसरांत विभागीय अभिलेख केंद्रे उभारली गेली आणि वाचकाला दूरचा प्रवास पडू नये म्हणून एका केंद्रातील मूळ दप्तर काही काळापुरते दुसऱ्या केंद्रात पाठवण्याची सोय केली गेली. दप्तर वाचकाकडे चालत येते, ही कल्पनाच मला फार मोलाची वाटते. ज्या राज्यांनी हे केले त्यांनी वंशशोधकावर मेहेरबानी केली नाही. सार्वजनिक कागद सार्वजनिक माणसाच्या आवाक्यात ठेवला, इतकेच.

याहून महत्त्वाचा भाग म्हणजे वंशशोधासाठी कधीच न जमवलेले साहित्य. भूगोलाच्या विभागाने नकाशे जमवले, अर्थशास्त्राने गिरण्यांच्या आणि पेढ्यांच्या खतावण्या जमवल्या, कायद्याच्या शाखेने खटल्यांचे अहवाल, वैद्यकशास्त्राने इस्पितळांचे वार्षिक वृत्तांत, धर्मशास्त्राने मिशनऱ्यांची पत्रे. हे जमवताना कोणाच्या आजी-पणजीचा विचार कोणाच्या मनात नव्हता. तरीही सामान्य माणसाचे जगणे सापडते ते याच कागदांत, कारण सामान्य माणूस स्वतःविषयी लिहून ठेवत नाही. दुसरे कोणी तरी आपल्या कामापुरती त्याची नोंद करून ठेवते.

एक उदाहरण जवळून पाहू. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या सॅनबॉर्न कंपनीने अमेरिकेतील हजारो गावांचे आणि शहरांचे नकाशे आग विम्यासाठी तयार केले. नकाशातील एक इंच म्हणजे प्रत्यक्षातील ५० फूट. गुलाबी रंग म्हणजे विटांचे बांधकाम, पिवळा म्हणजे लाकडी, निळा म्हणजे दगडी. घर किती मजली, छप्पर कशाचे, शेजारी लोहाराची भट्टी की तबेला, हे सगळे त्यात आहे, कारण विमा कंपनीला आग कुठून कुठे पसरेल एवढेच जाणून घ्यायचे होते. अनेक विद्यापीठांच्या नकाशाविभागांत हे नकाशे आहेत. आता एखाद्या बाईला आपल्या आजीचा पत्ता जुन्या शहर-निर्देशिकेत सापडला, तर ती त्या पत्त्यावर बोट ठेवून पाहू शकते : पिवळे, एकमजली, मागे लाकडाची वखार, रस्त्यापलीकडे कापडाची गिरणी. निर्देशिकेत आजीच्या नावापुढे ‘विधवा’ आणि ‘गिरणी कामगार’ एवढे दोनच शब्द असतात. नकाशा त्या दोन शब्दांभोवती घर उभे करतो. काही वर्षांनी सुधारून काढलेल्या नकाशात ते घर दिसत नाही आणि त्या जागी गिरणीची वाढवलेली भिंत दिसते, तेव्हा कुटुंबाने गाव का सोडले असावे याचा एक धागा हाती लागतो. नावांचा कितीही मोठा डेटाबेस चाळला तरी हा धागा त्यात सापडणार नाही.

सरकारी प्रकाशनांचेही तसेच आहे. अमेरिकेत हजाराहून अधिक ग्रंथालयांना सरकारी प्रकाशने मोफत मिळतात. त्यांतली बरीच विद्यापीठांची आहेत, आणि ही प्रकाशने सर्वसामान्य जनतेला विनामूल्य पाहू देणे हे कायद्यानेच त्यांच्यावर बंधन आहे. या प्रकाशनांत १८८३ साली सिनेटने छापलेली निवृत्तिवेतनधारकांची पाच खंडांची यादी आहे. तीत प्रत्येक जिल्ह्यातील पेन्शनधारकाचे नाव, टपाल कार्यालय, दरमहा मिळणारी रक्कम आणि पेन्शन कशामुळे मिळाले ते कारण दिले आहे : उजव्या हातातील गोळी, गेलेला डोळा, सैनिकाची विधवा, सैनिकाची आई. हे खंड कपाटात असतात, पण घराण्याचा शोध घेणारा माणूस सरकारी दस्तऐवजांच्या विभागाकडे आपणहून फिरकत नाही, कारण तिथे आपले काही असेल असे त्याला वाटतच नाही. ते सांगणारा ग्रंथपाल लागतो.

आणि काही माणसांच्या बाबतीत विद्यापीठाचा संग्रह हाच एकमेव आधार असतो. अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांना १८७० ही एक भिंत आहे. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांचे तक्ते वेगळे होते. त्यांत मालकाचे नाव लिहिले जाई आणि त्याखाली गुलामांचे फक्त वय, लिंग आणि वर्ण. बहुतेकांची नावे सरकारी शिरगणतीत पहिल्यांदा उमटली ती १८७० मध्ये. त्याच्या मागे जायचे तर मालकाचे खासगी कागद धुंडाळावे लागतात, आणि असे खासगी कागद मोठ्या संख्येने विद्यापीठांच्या हस्तलिखित विभागांत आहेत.

१८३८ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या मेरिलंड प्रांताने २७२ गुलाम लुइझियानातील मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरना विकण्याचा करार केला. त्या पैशातील काही भाग जॉर्जटाउन कॉलेजचे, म्हणजे आजच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचे कर्ज फेडायला गेला. करारपत्र, त्यातील नावांची आणि वयांची यादी, जेझुइट मळ्यांचे हिशेब, बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदी, हा सगळा ऐवज त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवीत आला. यादीतले पहिले नाव आयझॅक, वय ६५. त्याच्यापाठोपाठ मुले, नातवंडे. बहुतेकांना आडनाव नाही. अभ्यासक हे कागद वर्षानुवर्षे वाचत होते, त्यांच्यावर लेखही लिहिले जात होते, परंतु त्या माणसांचे वंशज आज कुठे आहेत हा प्रश्न विद्यापीठाच्या अभ्यासात बसत नव्हता. तो वंशशोधाचा प्रश्न होता. २०१६ मध्ये या कागदांचा डिजिटल संग्रह खुला झाला, वृत्तपत्रांतून हा विषय देशभर पोहोचला, आणि वंशशोधकांनी लुइझियानातील चर्चच्या नोंदी, शिरगणत्या आणि करारातील यादी एकमेकींशी ताडून हजारो वंशजांपर्यंत माग नेला. त्या कुटुंबांनी कॅथलिक धर्म सोडला नव्हता, म्हणून चर्चच्या नोंदींत त्यांची साखळी बरीचशी अखंड राहिली होती. जे काम विद्यापीठाने आपले मानले नव्हते त्या कामानेच विद्यापीठाला आपल्या इतिहासासमोर उभे केले. वंशशोधाला विरंगुळा म्हणणाऱ्यांनी या एका प्रकरणाकडे नीट पाहावे, असे मला मनापासून वाटते.

विद्वानांना या उद्योगाचा कंटाळा का येतो, हे मी समजू शकतो. वंशशोधाच्या नावाखाली वाईट काम पुष्कळ होते. कोणी तरी इंटरनेटवर टाकलेली वंशावळ दुसरा उतरवून घेतो, तिसरा तीत एखादा सरदार जोडतो, आणि दहा ठिकाणी दिसते म्हणून चौथ्याला ते सिद्ध झालेले वाटते. न्यू यॉर्क बंदरातील एलिस बेटावर, म्हणजे स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, उतरताना अधिकाऱ्याने आमचे आडनाव बदलले, ही कथा अमेरिकेत असंख्य घरांत सांगितली जाते. प्रत्यक्षात प्रवाशांच्या याद्या जहाज सुटण्याच्या बंदरातच तयार होत, बेटावरचे अधिकारी हातातील यादीशी माणूस पडताळून पाहत, आणि आडनावे बहुतेक वेळा लोकांनी पुढे स्वतःच बदलली. पण या चुकांवरचा उपाय शोधकाला दाराबाहेर ठेवणे हा कसा असू शकेल? मूळ कागद आणि नक्कल यांतला फरक, नोंद कोणी, केव्हा आणि कशासाठी केली हा प्रश्न, दोन पुरावे एकमेकांविरुद्ध गेले तर काय करायचे याची शिस्त, हे शिकवण्याची जागा विद्यापीठाचे ग्रंथालयच आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही यातले काही येत नसते. त्याला आपण हाकलत नाही, त्याच्यासाठी कार्यशाळा घेतो.

शिवाय हीच विद्यापीठे स्वतःच्या माणसांची वंशावळ मोठ्या निगुतीने करत आली आहेत. तर्कशास्त्रातील आकृत्यांमुळे ज्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे त्या जॉन व्हेन यांनी आपल्या उत्तरायुष्यातील कित्येक वर्षे केंब्रिजमध्ये शिकलेल्या माणसांची यादी करण्यात घालवली. बाप कोण, त्याचा व्यवसाय काय, शाळा कोणती, पुढे काय झाले, अशा नोंदींचे १० खंड १९२२ ते १९५४ या काळात प्रसिद्ध झाले. व्हेन १९२३ मध्ये वारले आणि मुलाने ते काम पुरे केले. त्या कामाला कोणी विरंगुळा म्हटले नाही. ज्यांचे पूर्वज केंब्रिजला गेले त्यांचा माग अशा रीतीने विद्वानांनीच काढून ठेवला आहे. ज्यांचे पूर्वज गिरणीत, मळ्यावर किंवा जहाजाच्या तळघरात राहिले, त्यांनी तोच माग स्वतः काढायला घेतला की मात्र तो छंद ठरतो. ही तफावत मला न्याय्य वाटत नाही.

आता व्यवहाराच्या अडचणी. ग्रंथपाल मोजके, विद्यार्थी असंख्य आणि अंदाजपत्रक आखडते. यात बाहेरच्या वाचकांची भर कशी पेलायची, हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्या ग्रंथपालांबद्दल मला आदरच आहे. परंतु ज्या अडचणी पुढे केल्या जातात त्यांतल्या बऱ्याच पैशाच्या नसून सवयीच्या आहेत. डेटाबेसचेच पाहा. बाहेरच्यांना परवाना नाही, असे सरसकट सांगितले जाते. पण प्रकाशकांशी झालेल्या अनेक करारांत ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन वाचणाऱ्या कोणाही वाचकाला वापराची मुभा असते. फक्त संगणक सुरू करायला विद्यापीठाचे लॉगिन लागते आणि ते बाहेरच्याला देण्याची तजवीज कोणी केलेली नसते. म्हणजे मुभा करारात आहे, अडथळा संगणकाच्या पडद्यावर आहे. परवाने दगडावरची रेघही नव्हेत : २०२० च्या महासाथीत ग्रंथालये बंद झाली तेव्हा, एरवी फक्त ग्रंथालयाच्या इमारतीत चालणारी वंशशोधाची एक मोठी सशुल्क सेवा वाचकांना काही काळ घरबसल्या वापरू दिली गेली. मागणी नेटाने झाली तर अटी बदलतात.

तीच गोष्ट वेळेची. हस्तलिखित विभागाचा वाचनकक्ष बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार, कचेरीच्या वेळात उघडा असतो. पगारी संशोधकाला ते सोयीचे असते. नोकरी करून पणजीचा शोध घेणाऱ्या बाईला त्यासाठी रजा टाकावी लागते. महिन्यातून दोन शनिवार तो कक्ष उघडा ठेवणे अशक्य आहे का? प्रवेश-अर्जावर विभागाच्या रकान्याशेजारी ‘स्वतंत्र वाचक’ असा एक पर्याय छापणे अशक्य आहे का? संदर्भ विभागातील एका ग्रंथपालाने या विषयाची तयारी करावी आणि कोणत्या कपाटात काय आहे याची दोन पानांची मार्गदर्शिका तयार करावी, एवढ्याने निम्मे काम होईल. सॉल्ट लेक सिटीतील फॅमिलीसर्च या संस्थेने १९३८ पासून जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म काढल्या. २०१७ मध्ये त्या फिल्म भाड्याने पाठवणे थांबले आणि डिजिटल प्रतिमा आल्या, पण त्यांतल्या काही घरून दिसत नाहीत, संस्थेची केंद्रे किंवा तिच्याशी संलग्न ग्रंथालये यांतच दिसतात. अशी संलग्नता विद्यापीठाच्या ग्रंथालयालाही घेता येते. मागायची तसदी मात्र घ्यावी लागते.

वंशशोधकाकडूनही काही अपेक्षा ठेवायला हव्यात, आणि त्या मी सौम्य शब्दांत मांडणार नाही. आडनाव टाइप करायचे, काही मिळाले नाही की ग्रंथालयात काही नाही असे म्हणून निघून जायचे, ही सवय सोडावी लागेल. ग्रंथालयाची तालिका आडनावांवर रचलेली नसते. ती गाव, संस्था, व्यवसाय, पंथ, काळ यांवर रचलेली असते. म्हणून पूर्वज कोण यापेक्षा ते कुठे राहत होते, कोणाकडे कामाला होते, कोणत्या चर्चमध्ये किंवा संघटनेत होते, शेजारी कोण, लग्नाचे साक्षीदार कोण, याची टिपणे करून जावे. माझ्या पणजोबांचे नाव कोणत्याच तालिकेत नव्हते. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका बाईंनी मला वेगळाच प्रश्न विचारला : कारखान्याचे मालक कोण होते? मालकांच्या कुटुंबाचे कागद हस्तलिखित विभागात होते, त्यांच्या सूचीत ‘पगारपत्रके’ असा एक शब्द होता, आणि तिसऱ्या पेटीतील एका आडव्या, तपकिरी पडलेल्या पानावर पणजोबांचे नाव, नऊ दिवसांची मजुरी आणि पुढे सहीऐवजी अंगठा होता. त्या अंगठ्यावरून बोट फिरवण्याचा मोह मी कसाबसा आवरला. त्या बाईंचा प्रश्न नसता तर मी आयुष्यभर आडनावच शोधत बसलो असतो.

आंतरग्रंथालयीन देवघेवीबद्दलही शोधकांना फार कमी ठाऊक असते. विद्यापीठ बाहेरच्या वाचकाला पुस्तक घरी देत नाही हे खरे, पण वाचक आपल्या सार्वजनिक ग्रंथालयामार्फत तेच पुस्तक मागवू शकतो, आणि विद्यापीठे अशी मागणी एरवी पुरवतात. स्थानिक इतिहासावरचे अप्रकाशित प्रबंध या मार्गाने नक्की पाहावेत. त्यांच्या परिशिष्टांत करदात्यांच्या, संपकऱ्यांच्या, खंडकऱ्यांच्या अख्ख्या याद्या उतरवलेल्या असतात आणि मूळ कागद आता नाहीसा झालेला असू शकतो.

कागद नाहीसा होतो हे विसरून चालत नाही. अमेरिकेच्या १८९० च्या शिरगणतीचा फार मोठा भाग १९२१ च्या आगीनंतर हाती उरला नाही. डब्लिनमध्ये ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीच्या लढाईत, आयर्लंडचे सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि कित्येक शतकांचे दप्तर गेले. पण तेथील अधिकारी हर्बर्ट वुड यांनी तीनच वर्षे आधी, १९१९ मध्ये, त्या दप्तराची सूची छापून ठेवली होती, त्यामुळे काय गेले ते तरी कळले. ट्रिनिटी कॉलेज या विद्यापीठाच्या पुढाकाराने त्या सूचीवरून, आणि ग्रंथालयांत व अभिलेखागारांत विखुरलेल्या नकला, उतारे, टिपणे गोळा करून, त्या अभिलेखागाराची डिजिटल पुनर्रचना सुरू झाली. आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०२२ च्या जूनमध्ये, ती सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली. त्या नकलांमध्ये जुन्या वंशशोधकांनी आगीपूर्वी करून ठेवलेली टिपणे आहेत. मृत्युपत्रांतून आणि शिरगणतीतून आपल्या कामापुरते उतरवून घेतलेले ते कागद त्यांच्या काळात कोणाला क्षुल्लकही वाटले असतील. आज कित्येक कुटुंबांबाबत तेच मुळाच्या जागी आहेत.

म्हणूनच शोधकाने आपले काम ग्रंथालयाला परत द्यावे आणि ग्रंथालयाने ते स्वीकारावे, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक विधानाला आधार दिलेला, कोणत्या पेटीतील कोणत्या पानावर काय आहे हे सांगणारा कुटुंबवृत्तांत हा पुढच्या अभ्यासकासाठी त्या संग्रहाचा वाटाड्या असतो. त्यात हयात माणसांची माहिती असेल तर ती वेगळी काढावी किंवा मुदतबंद ठेवावी; अमेरिकेत शिरगणतीची पाने ७२ वर्षे आणि इंग्लंड-वेल्समध्ये १०० वर्षे बंद राहतात, तोच विवेक इथेही लागू होतो. दत्तक, अनौरस, वेड्यांच्या इस्पितळात गेलेले, यांच्या नोंदींबाबत ग्रंथपालाने नकार दिला तर तो शोधकाने समजून घ्यावा. व्हिलानोव्हा विद्यापीठाने तर लोकांच्या मदतीनेच काम उभे केले : गुलामगिरीच्या काळात विकल्या गेलेल्या आई, भाऊ, लेकरे यांच्या शोधासाठी गुलामगिरी संपल्यावर लोकांनी वर्तमानपत्रांत दिलेल्या जाहिराती तेथे गोळा केल्या जात आहेत आणि त्या अक्षरशः उतरवून काढण्यात स्वयंसेवकांचा हात आहे. त्या जाहिराती देणारे लोक वंशशोधकच होते. फक्त ते पूर्वजांना नव्हे, जिवंत माणसांना शोधत होते.

जॉर्जटाउनच्या आवारात एक जुनी इमारत आहे. १८३८ चा करार ज्यांनी केला त्या प्रांतप्रमुख मलेडी यांचे नाव तिला अनेक वर्षे होते. २०१७ पासून तिला त्या यादीतील पहिल्या माणसाचे नाव आहे. करारपत्रावर तो नुसता आयझॅक होता, वय ६५. इमारतीवर त्याचे नाव आडनावासह आहे : आयझॅक हॉकिन्स.